क्वांट: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला घ्यावं का?

घ्यावं. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना प्रोजेक्टचा विषय उद्याच द्यायचाय त्यांना पुढचं सगळं वाचत बसायला नको.

क्वांट हे पायथॉनमधलं पॅकेज आहे. ग्रोथ, विमर, अखमेरोव आणि वँताल या चौघांनी ते लिहिलं आणि त्यावरचा त्यांचा पेपर २०१४ साली ‘न्यू जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये आला. बीएसडी लायसन्स आहे, म्हणजे पैसे शून्य आणि सोर्स कोड उघडा. काम म्हणाल तर मुख्यतः एकच. टाइट-बाइंडिंग मॉडेल (इलेक्ट्रॉन ठरावीक जागी, म्हणजे ‘साइट’वर बसतो आणि शेजारच्या साइटवर उडी मारतो, असं चित्र) द्यायचं, त्याला दोन-चार लीड, म्हणजे इलेक्ट्रॉन आत-बाहेर नेणाऱ्या तारा, जोडायच्या, आणि इलेक्ट्रॉन एका लीडमधून दुसरीत किती प्रमाणात पोचतो ते विचारायचं. एसवायमधल्या मुलांनाही कळेल असं लँडाउअरचं सूत्र (जितकं पार जातं तितकी वाहकता), त्याच्यामागे मात्र भरभक्कम गणित.

मी सॉलिड स्टेट शिकवते, जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात. आमच्याकडे पूर्वी हाच विषय घेतला की मुलं रिकर्सिव्ह ग्रीन्स फंक्शनचा (हेच गणित टप्प्याटप्प्याने करायच्या रीतीचा) कोड स्वतः लिहायची. सगळं सेमिस्टर मॅट्रिक्सचे इंडेक्स जुळवण्यात जायचं आणि फिजिक्सपर्यंत कुणी पोचायचंच नाही. क्वांटमध्ये हॅमिल्टोनियन (सिस्टीमच्या ऊर्जेचं मॅट्रिक्स) फळ्यावर लिहितो तसाच लिहायचा: या साइटवर एवढी ऊर्जा, शेजारच्या साइटवर जायला एवढं हॉपिंग. आकार हवा असेल तर एक छोटं फंक्शन द्यायचं, दिलेला बिंदू आत आहे की बाहेर एवढंच सांगणारं. मधे आयत, दोन्ही टोकांना अर्धवर्तुळं, की झालं बुनिमोविचचं स्टेडियम तयार. मग प्लॉट करून बघायचं. लीड लाल रंगात, बाहेरच्या बाजूला फिकट होत गेलेल्या दिसतात. चुकीच्या बाजूला चिकटलेली लीड या चित्रात लगेच सापडते, म्हणून प्लॉट दाखवल्याशिवाय मी कुणाचे आकडे बघत नाही.

आणखी एक सोय मला फार आवडते. सिस्टीम एकदा फायनलाइज केली की आकार पक्का होतो, पण ऊर्जा, चुंबकीय क्षेत्र, डिसऑर्डर (साइटच्या ऊर्जांमधला वेडावाकडेपणा) हे सगळं पॅरामीटर म्हणून बाहेरून बदलता येतं. ग्राफ काढताना दर बिंदूला जालक (साइटची जाळी) नव्याने बांधावं लागत नाही.

पहिला सराव म्हणून अरुंद गळ्याची तार द्यावी. वाहकतेच्या पायऱ्या दिसतात, तशाच ज्या डेल्फ्ट आणि केंब्रिजच्या गटांनी १९८८ मध्ये प्रत्यक्ष मोजल्या होत्या. एका पायरीचा रोध सुमारे १२.९ किलो-ओहम. पॅकेज देतं ते नुसतं ट्रान्समिशन. साध्या मॉडेलमध्ये स्पिनच्या दोन दिशांसाठीचा दोन आपणच गुणायचा. व्हायव्हाला हा प्रश्न मी हमखास विचारते.

खरी मजा डिसऑर्डरमध्ये आहे. अँडरसनने १९५८ साली दाखवलं की जालकातल्या ऊर्जा पुरेशा वेड्यावाकड्या असल्या तर इलेक्ट्रॉन पसरतच नाही, एका जागी अडकतो. क्वांटमध्ये यासाठी डायजेस्ट नावाचं मॉड्यूल आहे. साइटचं नाव आणि ‘सॉल्ट’ म्हणून एक शब्द दिला की ते एक यादृच्छिक संख्या देतं. शब्द तोच ठेवला तर संख्याही तीच. म्हणजे विद्यार्थ्याने ‘सॅम्पल नंबर सात’ म्हटलं की तंतोतंत तेच सॅम्पल मला माझ्या लॅपटॉपवर चालवता येतं. गाइडला याहून जास्त काय हवं?

गेल्या बॅचमधल्या एका मुलीला एक हजार साइटची साखळी दिली होती. डिसऑर्डरची रुंदी हॉपिंगइतकी, ऊर्जा बँडच्या (इलेक्ट्रॉनला शक्य असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्याच्या) मध्यावर. ती ग्राफ घेऊन आली. “मॅडम, सॅम्पल वाढवले की सरासरी स्थिर व्हायला हवी ना? ही तर मधेच उडी मारतेय.” उडी मारणारच. या आकड्यांना लोकलायझेशन लेंग्थ (इलेक्ट्रॉन साधारण जेवढ्या अंतरात अडकून राहतो ते) साधारण शंभर साइटची येते, त्यामुळे बहुतेक सॅम्पलमधून जवळजवळ काहीच जात नाही, पण एखादं नशीबवान सॅम्पल भरपूर सोडतं आणि सगळी सरासरी एकटंच ओढून नेतं. “अगं, आधी लॉग घे, मग सरासरी काढ,” म्हटलं. तसं केल्यावर आकडा उणे वीसच्या आसपास स्थिरावला आणि लांबीबरोबर सरळ रेषेत उतरायला लागला. माझ्या मते ही एक दुपार त्या मुलीला टर्मभराच्या लेक्चरांपेक्षा जास्त शिकवून गेली.

द्विमितीत मात्र जपून. अब्राहम्स, अँडरसन, लिचार्डेलो आणि आपले टी. व्ही. रामकृष्णन यांच्या १९७९च्या पेपरप्रमाणे तिथे खरा मेटल नाहीच (चुंबकीय क्षेत्र, स्पिन-ऑर्बिट वगैरे नसताना). पण डिसऑर्डर कमी केला की लोकलायझेशन लेंग्थ घातांकी वेगाने वाढते, आणि लॅपटॉपवर मावणारं सॅम्पल तिच्यापुढे चिमुकलं ठरतं. मग अहवालात येतं, ‘टू-डीमध्ये मेटॅलिक फेज आढळली.’ आकडे बरोबर, निष्कर्ष साफ चूक. कोणतंही पॅकेज ही चूक पकडून देणार नाही.

क्वांटम केऑससाठी (ज्या आकारात उसळणाऱ्या कणाचा मार्ग बेभरवशाचा असतो, जसं स्टेडियम, तिथल्या ऊर्जा-पातळ्यांच्या अभ्यासासाठी) लीड काढून टाका. बंद स्टेडियमचा हॅमिल्टोनियन स्पार्स (बहुतेक शून्यांचं) मॅट्रिक्स म्हणून बाहेर मिळतो, तो सायपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीला देऊन आयगेन व्हॅल्यू, म्हणजे ऊर्जा-पातळ्या (लेव्हल), काढायच्या. लेव्हल स्टॅटिस्टिक्स, म्हणजे लेव्हलमधल्या अंतरांचा हिशेब, पुढे स्वतःच करावं लागतं. पूर्ण स्टेडियम घेऊ नका, पाव घ्या. पूर्ण आकारात सम आणि विषम अवस्थांच्या लेव्हल एकमेकींत मिसळतात आणि त्यांचं एकमेकींना दूर ढकलणं दिसेनासं होतं. ऊर्जाही बँडच्या तळाजवळची घ्या. हॉपिंगच्या एक दशांश इतकी, तळापासून मोजून, घेतली तर तरंगलांबी वीसेक साइटची येते आणि जालकाच्या पायऱ्या फारशा बोचत नाहीत. मग शेजारच्या दोन अंतरांतलं लहान भागिले मोठं, याची सरासरी ०.५३ च्या जवळ येते. पाव वर्तुळ, जिथे केऑस नाही, घेतलं तर ०.३९ च्या आसपास. चुंबकीय क्षेत्र लावलं की स्टेडियमचा आकडा ०.६० कडे सरकतो. बोहिगास, जियानोनी आणि श्मिट यांचं १९८४चं अनुमान (केऑटिक आकाराच्या लेव्हल रँडम मॅट्रिक्सच्या लेव्हलसारख्या वागतात) मुलांना असं हाताने तपासता येतं, आणि ताडून बघायला रँडम मॅट्रिक्स बनवणारं मॉड्यूलही पॅकेजमध्येच आहे.

आता उणिवा. इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन आंतरक्रिया नाही, त्यामुळे मेनी-बॉडी लोकलायझेशनच्या (आंतरक्रिया असूनही अडकून राहण्याच्या) नादी लागलेल्यांनी इकडे फिरकू नये. काळानुसार बदलणारं काही हवं असेल तर टीक्वांट हे वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. तापमान ऊर्जेवर इंटिग्रेट करून आपणच आणायचं. त्रिमितीत मेमरी फार खातं. साध्या घन जालकात डिसऑर्डर हॉपिंगच्या साडेसोळा पटींच्या आसपास गेला की मेटलचा इन्सुलेटर होतो, पण तो बिंदू नीट पकडण्याएवढं मोठं सॅम्पल आमच्या लॅबच्या मशीनवर मावत नाही. द्विमितीत काही शे गुणिले काही शे साइट सहज चालतात. डॉक्युमेंटेशन चांगलं आहे, पण मॅट्रिक्स आणि पायथॉन दोन्ही येतं असं गृहीत धरून लिहिलेलं. पायथॉन कच्चं असेल त्याला आधी महिनाभर नुसतं नमपाय (पायथॉनमधली मॅट्रिक्स हाताळायची लायब्ररी) करायला लावा.

इन्स्टॉल करताना कोंडा-फोर्ज या पॅकेजांच्या साठ्यावरूनच घ्या. पिपने (पायथॉनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरने) घेतलं तर मम्प्स नावाची सॉल्व्हर लायब्ररी आपली आपण जुळवावी लागते. ती नसली तरी क्वांट चालतं, मात्र रखडत.