लिस्बनमधील २५ एप्रिलची पायी सहल

लिस्बनमध्ये पर्यटकांना पायी फिरवून शहराची माहिती सांगणाऱ्या सहली पुष्कळ आहेत. त्यांपैकी २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीचा मार्ग दाखवणारी तीन तासांची सहल आम्ही पतिपत्नींनी गेल्या वसंत ऋतूत केली. १९२६ पासून ४८ वर्षे टिकलेली हुकूमशाही ज्या एका दिवसात कोसळली, तो दिवस ज्या रस्त्यांवर घडला त्याच रस्त्यांवरून चालत समजून घ्यायचा, अशी ही योजना आहे. निवेदन इंग्रजीतून होते. आमच्या गटात बारा माणसे होती, त्यामुळे कोणालाही मागे उभे राहून कान ताणावे लागले नाहीत.

सहलीचा प्रारंभ तेजो नदीकाठच्या तेरैरो दो पासो या विस्तीर्ण चौकात, राजा जोझे पहिला याच्या अश्वारूढ पुतळ्याखाली झाला. आमचे मार्गदर्शक साठी ओलांडलेले गृहस्थ होते आणि त्यांचे थोरले बंधू गिनीच्या (आजच्या गिनी-बिसाऊच्या) युद्धावर जाऊन आलेले होते. बंदुकीच्या नळीत खोवलेले लाल कार्नेशन हे या क्रांतीचे जगप्रसिद्ध चित्र; परंतु त्यांनी कथा फुलांपासून सुरू केली नाही, आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींपासून केली. अंगोलात १९६१ मध्ये, गिनीत १९६३ मध्ये आणि मोझांबिकमध्ये १९६४ मध्ये सशस्त्र स्वातंत्र्यलढा सुरू झाला, आणि जेमतेम ९० लाख लोकवस्तीचा पोर्तुगाल हा गरीब देश तिन्ही आघाड्यांवर आपली तरुण मुले पाठवत राहिला. त्या युद्धात आठ हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक मरण पावले आणि आफ्रिकी माणसे त्याहून कितीतरी अधिक. १९७३ च्या सप्टेंबरात गिनीच्या मुक्तिसंघटनेने स्वातंत्र्य जाहीरही करून टाकले होते. ज्या कप्तानांनी पुढे उठाव केला, त्यांची पहिली तक्रार बढतीच्या नव्या नियमांविषयी होती, ध्येयवाद नंतर आला, हेही मार्गदर्शकांनी आडपडदा न ठेवता सांगितले. स्वतःच्या देशाच्या सर्वांत अभिमानाच्या दिवसाबद्दल इतके सरळ बोलणे मला फार मोलाचे वाटले.

त्यांच्याजवळ जुन्या छायाचित्रांची एक जाड फाइल होती. नदीकाठच्या रिबैरा दास नाउस रस्त्यावर त्यांनी आम्हाला एका विशिष्ट जागी उभे केले आणि एक छायाचित्र समोर धरून दूरच्या इमारतीच्या कमानी चित्रातल्या कमानींशी तंतोतंत जुळवून दाखवल्या. सांतारेंहून रातोरात आलेला साल्गेइरो माया हा २९ वर्षांचा बंडखोर कप्तान येथेच सरकारी रणगाड्यांना सामोरा गेला होता. सरकारी ब्रिगेडियरने गोळीबाराचा हुकूम दिला. एका कनिष्ठ अधिकाऱ्याने तो नाकारला, तेव्हा त्याला अटक झाली. मग तोच हुकूम रणगाड्यातल्या जोझे आल्विश कोश्ता या कॉर्पोरलला देण्यात आला, आणि तो झाकण लावून आत बसून राहिला. त्याने तोफ डागली असती, तर ही क्रांती त्याच रस्त्यावर रक्तात बुडाली असती. चित्रातले ते झाकण आमच्यापैकी प्रत्येकाने वाकून पाहिले.

तेथून चढ चढून लार्गो दो कार्मो येथे गेलो. १७५५ च्या भूकंपात छप्पर गमावलेल्या मठाशेजारच्या पोलीस मुख्यालयात पंतप्रधान मार्सेलो कायतानो आश्रयाला होते आणि बाहेरचा चौक माणसांनी भरून गेला होता. संध्याकाळी सत्ता सोडल्यावर त्यांना ज्या चिलखती गाडीतून नेण्यात आले, तिची जात ‘शैमीत’ आणि तिचे नाव ‘बुला’. शैमीत हे मोझांबिकमधील गाव; १८९५ मध्ये पोर्तुगीजांनी गुंगुन्याना या राजाला तेथे कैद केले होते. बुला हे गिनीतले गाव. साम्राज्याच्या शेवटच्या पंतप्रधानाला नेणाऱ्या गाडीवर आफ्रिकेतलीच दोन नावे असावीत, हे ऐकून मी बराच वेळ त्या चौकातल्या झाडाखाली उभा होतो.

यानंतर मात्र सहलीचा तोल ढळला. तिकिटात समाविष्ट असलेली जिंजिन्या ही आंबट चेरीची दारू चाखण्यासाठी आम्हाला एका दुकानात नेण्यात आले आणि तेथे अर्धा तास गेला. परिणामी आंतोनियो मारिया कार्दोझो रस्त्यावर, जेथे ‘पीडे’ या गुप्त पोलिसांचे मुख्यालय होते, आम्हाला पाच मिनिटेही मिळाली नाहीत. त्या संध्याकाळी खिडक्यांतून झालेल्या गोळीबारात चार माणसे ठार झाली. आज त्या वास्तूत महागडी घरे आहेत आणि भिंतीवर मृतांच्या नावांची पाटी आहे. ती चार नावे वाचून होण्याआधीच आम्हाला पुढे चलण्यास सांगण्यात आले. आयोजकांनी दारूचा थांबा सरळ काढून टाकावा.

दुसरी उणीव मला अधिक लागली. गोव्याचा उल्लेख एका वाक्यात उरकला गेला: १९६१ मध्ये भारताने गोवा घेतला, एवढेच. मी महाराष्ट्रातला म्हणून हे म्हणत नाही, तर हा दुवा याच कथेचा आहे म्हणून म्हणतो. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा तेव्हाचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम बाजूला ठेवून गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी १९ डिसेंबर १९६१ रोजी शरणागती पत्करली आणि आपल्या सैनिकांचे प्राण वाचवले, म्हणून त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. गिनीत पराभव झाल्यास आपल्याही माथी तेच खापर फुटेल, ही धास्ती पुढे कप्तानांच्या मनात होती. ती वगळली की त्यांचा उठाव अर्धाच कळतो.

शेवटी प्रश्नांच्या वेळी मार्गदर्शकांनी राजकीय कैद्यांच्या काशियास तुरुंगाचे दरवाजे २६ एप्रिलच्या रात्री कसे उघडले, ते सांगितले. तेव्हा मी त्यांना गोवा मुक्तिलढ्यातले सैनिक मोहन रानडे यांच्याविषयी विचारले. मूळचे सांगलीचे रानडे गोवामुक्तीनंतरही याच काशियासमध्ये बंदिवान होते आणि जानेवारी १९६९ मध्ये सुटले. मार्गदर्शकांना हे नाव माहीत नव्हते. त्यांनी ते माझ्याकडून आपल्या वहीत रोमन लिपीत लिहून घेतले, दोनदा उच्चारून पाहिले आणि पुढच्या गटाला सांगेन म्हणाले.

या उणिवा धरूनही मी ही सहल अवश्य सुचवीन. दगडी फरसबंदी गुळगुळीत आहे आणि चढ दमवणारे आहेत, म्हणून पकड असलेले बूट घालावेत. दुपार अल्जुब संग्रहालयासाठी राखून ठेवावी. कॅथेड्रलजवळचा हा जुना राजकीय तुरुंग सोमवारी बंद असतो. तेथील एकांतकोठड्यांना कैदी ‘कुरो’ म्हणत, म्हणजे झुंजीआधी बैलांना कोंडण्याची जागा. त्या कोठड्यांसमोर घाई करू नये. काशियासला कायश दो सोद्रे स्थानकावरून कास्काईशच्या लोकल गाडीने जाता येते. पण तो आजही तुरुंगच असल्याने बाहेरूनच पाहावा लागतो.