अकरा महिने, पंचवीस स्लाइड्स आणि एक पावसाळा: विद्यार्थी मायक्रोस्कोप आणि ऊतींच्या संचाचा अनुभव

पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते. पण आमच्याकडे कुठल्याही वस्तूबद्दल पावसाळा काढल्याशिवाय बोलू नये. लाकूड फुगतं, लोखंड गंजतं, काचेवर बुरशी येते. म्हणून थांबले. आता गणपतीही होऊन गेले, तर लिहिते.

मी मालवण तालुक्यात, समुद्रापासून पाच मिनिटांवर, पडवीत आठवी ते बारावीच्या शिकवण्या घेते. गेल्या दिवाळीत एलईडी दिव्याचा, एका डोळ्याने बघायचा मायक्रोस्कोप घेतला, ७,२०० रुपयांना. त्याच विक्रेत्याकडून ‘मानवी ऊती’ असं छापलेला पंचवीस तयार स्लाइड्सचा लाकडी डबा, १,९०० रुपयांना. खाली तक्रारी आहेत, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही.

मायक्रोस्कोपबद्दल थोडक्यात. आयपीस (डोळ्याकडचं भिंग) १०x, ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडची भिंगं) ४x, १०x, ४०x आणि १००x. ऊती, म्हणजे एकाच कामासाठी एकत्र आलेल्या पेशींचे गट, ओळखायला पहिल्या तीन पुरतात. १००x ला स्लाइडवर खास तेलाचा थेंब लागतो. सोबतची बाटली वाटेतच गळून अर्धी झाली होती. मुलांनी लगेच विचारलं, खोबरेल चालेल का? नाही चालणार. त्या तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) काचेइतका, साधारण १.५२ लागतो, खोबरेलाचा त्याहून कमी. शिवाय ऑब्जेक्टिव्ह चिकट होईल ते वेगळंच. दिवा मात्र चार्जिंगचा आहे, ही मोठी सोय. जूनमध्ये दोन दिवस वीज नव्हती, तरी वर्ग चालला. मोठा नॉब सैल आहे, सोडला की स्लाइड ठेवायचं स्टेज हळूहळू खाली घसरतं. ४०x लावून मोठा नॉब फिरवायचा नाही हे दहादा सांगूनही एकाने फिरवलाच आणि वरची पातळ काच तडकली. ती चूक वस्तूची नाही.

खरा ऐवज म्हणजे स्लाइड्स. प्राण्यांच्या ऊतींचे चार गट मुलं घडाघडा म्हणतात: अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता. पण डोळा लावला की सगळ्यांना दिसतं ते एकच, गुलाबी चिखल आणि त्यात जांभळे ठिपके. ठिपके म्हणजे पेशीकेंद्रकं. हिमॅटॉक्सिलिन नावाचा रंग ती जांभळी-निळी करतो (हा रंग मूळचा मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या गाभ्यातून निघतो), आणि इओसिन बाकीचं गुलाबी करतं. दोन-तीन आठवडे डोकं आपटल्यावर मी मुलांना एकच गोष्ट सांगायला लागले: पेशी नंतर, आधी दोन पेशींमधली जागा बघा.

तिथून गाडी रुळावर आली. अभिस्तरात जागाच नसते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना माणसं उभी राहतात तशा पेशी एकमेकींना खेटून, खाली एक पातळ आधारपटल, आणि त्यांच्यात रक्तवाहिनी नाही. आतड्याच्या स्लाइडवर उंच खांबांसारख्या, वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) नलिकेत घनाकार, फुप्फुसाच्या वायुकोशात इतक्या चपट्या की फक्त रेष दिसते. श्वासनलिकेची स्लाइड ४०x ला लावली की पेशींच्या वरच्या कडेला बारीक केसांची झालर दिसते. श्लेष्मात अडकलेली धूळ हीच झालर वर ढकलते. संचातली सर्वांत सुंदर स्लाइड हीच.

तळहाताच्या कातडीची स्लाइडही चांगली निघाली. वरचा मृत पेशींचा थर रुंद, लाटालाटांचा, आणि त्यात केंद्रकं अजिबात नाहीत. शेजारी केसाळ कातडीची स्लाइड ठेवली तर तोच थर कागदाएवढा. वर्गात एका मुलाचे आजोबा आयुष्यभर रापणीचा दोर ओढत आले. तो आजोबांचा हात आठवून म्हणाला, घट्टे म्हणजे हाच थर ना? हाच. घासलं, दाबलं की खालच्या पेशी जास्त वेगाने वाढतात आणि वरचा थर जाड होत जातो.

संयोजी ऊतींत सगळं उलटं. पेशी थोड्या, मधली जागाच जास्त, आणि त्या जागेत काय भरलंय त्यावर ऊतीचा स्वभाव ठरतो. स्नायूरज्जूच्या (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीच्या) स्लाइडवर काथ्याच्या दोरासारखे समांतर तंतू, मधून मधून केंद्रकांची रांग. हाडाची स्लाइड घासून पातळ केलेली असते. तिच्यात कापलेल्या सुपारीसारखी वर्तुळं दिसतात, प्रत्येकाच्या मधोमध एक नळी, तिच्यातून जिवंतपणी रक्तवाहिनी जाते. या नळ्यांना हॅवर्सियन नलिका म्हणतात, क्लॉप्टन हॅवर्स या इंग्रज वैद्याने १६९१ मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून. कास्थीत (कूर्चेत) अशी सोय नाही, रक्तवाहिनीच नाही. त्यामुळे मोडलेलं हाड जुळतं, पण गुडघ्यातली कास्थी झिजली की भरून येणं कठीण.

चरबीच्या स्लाइडवर मात्र मुलं हसली. रिकामी रिंगणं एकाला एक लागून, कडेला चेपलेलं केंद्रक. “बाई, ह्यां तर आमचां जाळां!” मग चरबी कुठे गेली? स्लाइड तयार करताना अल्कोहोल आणि झायलीन वापरतात, त्यात ती विरघळून जाते. आपण बघतो ती चरबी गेल्यावर उरलेली पेशींची नुसती कड. संचासोबतच्या पत्रकात याबद्दल अवाक्षर नाही, आणि हे न सांगता ती स्लाइड दाखवणं म्हणजे मुलांना फसवणंच.

रक्त संयोजी ऊतीत कसं, हा वाद दरवर्षी होतो. मधली जागा हे सूत्र लावलं की मिटतो: रक्तातली मधली जागा द्रव आहे, तिचं नाव प्लाझ्मा. लाल पेशी सुमारे साडेसात मायक्रोमीटरच्या, केंद्रक नसलेल्या. एका घन मिलिमीटर रक्तात त्या पन्नास लाखांच्या घरात आणि पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार, म्हणून पांढरी पेशी शोधावी लागते. सापडली की पडवीत आरडाओरडा होतो.

चेता ऊतीने निराशा केली. पुस्तकात चेतापेशीला लांब शेपटी काढलेली असते. स्लाइडवर मोठी पेशी आणि तुटकी टोकं. कारण सोपं आहे. कंबरेजवळच्या मेरुरज्जूतून पावलाकडे जाणारा अक्षतंतू, म्हणजे तीच शेपटी, जवळजवळ मीटरभर असतो, आणि स्लाइडवरचा काप जाडीला मीटरच्या लाखाव्या हिश्शाइतका. त्यात काय मावणार?

आता मुख्य तक्रार. श्रावणात डबा फुगला, झाकण चमच्याने उचकटावं लागलं. आत बघते तर नऊ स्लाइड्सची लेबलं सुटून तळाशी पडलेली, डिंक बुरशीने खाल्लेला. एका रविवारी मुलांना बसवलं: यादी ही, स्लाइड्स या, ओळखा आणि परत चिकटवा. आठ जुळल्या. उरलं ‘हृदयस्नायू’ हे लेबल. उरलेल्या स्लाइडवर लांब, सरळ, न फुटणारे तंतू, आडवे पट्टे, आणि एकेका तंतूत बरीच केंद्रकं, तीही कडेला. बारावीतली एक मुलगी म्हणाली, ही हृदयाची नाहीच. हृदयाच्या तंतूंना फाटे हवेत, केंद्रक मधोमध हवं, एक नाहीतर दोन, आणि पेशी जोडल्या जातात तिथे गडद आडव्या रेषा हव्यात. बरोबर होतं तिचं. संचात कंकालस्नायूच्या (हाडं हलवणाऱ्या स्नायूच्या) दोन स्लाइड्स आणि हृदयाची एकही नाही.

लाज अशी की डिसेंबरपासून मी ती हृदय म्हणूनच दाखवत होते. “फाटे दिसतात ना?” असं विचारायचे आणि सगळे “हो बाई” म्हणायचे.

विक्रेत्याला लिहिलं. दहा दिवसांत बदलून घ्यायला हवी होती, असं उत्तर आलं. त्याच पत्रात हेही कळलं की ‘मानवी’ संचात माणसाच्या फक्त दोन स्लाइड्स, रक्त आणि गालाच्या पेशी. बाकी ससा आणि बकरा. सस्तन प्राण्यांत या पातळीवर रचना सारखीच दिसते, शिकवायला अडत नाही. पण मग झाकणावर तसं छापा ना. हृदयस्नायूची स्लाइड दुसरीकडून १२० रुपयांना घेतली. तिच्यात फाटे आणि गडद रेषा स्वच्छ दिसल्या तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, मगे आमी तेवा काय बघलां?”

त्यानंतर घरचं सामान जास्त वापरायला लागलो. गालाच्या आतून टूथपिक फिरवा, मिठाच्या पाण्याच्या थेंबात मिसळा, मिथिलीन ब्लूचा थेंब घाला. तो मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. ताज्या बांगड्याच्या मांसाचा एक तंतू सुईने सोडवून मायक्रोस्कोपचा डायाफ्राम (उजेड कमी-जास्त करायचं छिद्र) बारीक केला की न रंगवताही आडवे पट्टे दिसतात. मोरी माशाचा (शार्कचा) सांगाडा सगळा कास्थीचाच. मऊ भागाचा ब्लेडने पातळ काप घेतला की कप्प्यांत बसलेल्या पेशी दिसतात. आणि पाया शिजवताना शिरा विरघळून रस्सा चिकट होतो, ते स्नायूरज्जूतलं कोलॅजन. पॅरिसच्या झेविअर बिशा या वैद्याने हेच केलं होतं: कापून, उकळून, सुकवून, मायक्रोस्कोपला हात न लावता, २१ प्रकारच्या ऊती सांगितल्या. १८०२ मध्ये गेला तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी: लाकडी डबा आल्या दिवशी बाद करा. स्लाइड्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, आडव्या, सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ज्यात स्वयंपाक करत नाही अशा जुन्या तव्यावर गरम करायचे, परत निळे होतात. मायक्रोस्कोपही तसाच. माझ्या आयपीसवर जुलैत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आली होती. लेन्स पेपरने गेली, पण एक डाग राहिलाय. लेबलं पहिल्याच दिवशी काढून काचेवर हिऱ्याच्या पेनने नंबर कोरा.

मायक्रोस्कोपला साडेतीन तारे, संचाला अडीच. पुन्हा घ्यायची वेळ आली तर १००x नसलेला घेईन, वाचलेल्या पैशांत सुट्या स्लाइड्स, आणि आल्याबरोबर मुलांना लेबलं झाकून बघायला देईन.