पावसाळा काढलेला एलपीडीए अँटेना : संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतला अनुभव

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका होईल. छपरावर चढल्यावर मोबाईलला थोडीतरी फोरजी रेंज मिळत असेल, तर डायरेक्शनल, म्हणजे एकाच दिशेला रोखलेल्या अँटेनाचा (आमचा एलपीडीए त्यातलाच) फायदा होतो आणि चांगला होतो. छपरावरही ‘नो सर्व्हिस’ असेल तर पैसे घालवू नका. अँटेना रेंज तयार करत नाही. जी आहे ती एका दिशेने नीट ऐकतो आणि बाकीच्या दिशांचा गोंगाट कमी करतो, बस. माझ्या हिशोबाने तर या सगळ्या खटाटोपात अँटेनाचा वाटा निम्माच. उरलेला निम्मा उंचीचा आणि केबलीचा, ज्याबद्दल विकणारे चकार शब्द काढत नाहीत.

आमचं घर मार्लेश्वरच्या बाजूला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मागच्या पडवीला पत्रा, भोवती आंबे-फणस. टॉवर पाचेक किलोमीटरवर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर आहे आणि मधे एक टेकाड आडवं येतं. ओटीच्या एका कोपऱ्यात रेंजची एखादी काडी यायची, माजघरात तीही नाही. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. उन्हाळ्यात आंब्यांसाठी म्हणून यायचं आणि मीटिंगसाठी दुचाकी काढून सड्यावर जायचं, हा प्रकार बंद व्हावा म्हणून गेल्या मेमध्ये हे बसवलं. आता शिमगा जवळ आलाय, म्हणजे उन्हाळा, पावसाळा, गणपतीची गर्दी आणि थंडी असं सगळं त्याने बघितलं आहे.

आजकालच्या फोनला बाहेरचा अँटेना जोडायची सोयच नसते, हे आधी लक्षात घ्या. त्यामुळे सिमकार्ड घालायचा फोरजी राउटर लागतो, आणि त्याच्या मागे अँटेनासाठी स्क्रूचे दोन एसएमए सॉकेट असलेले बघून घ्यावे लागतात. दिसायला अँटेना असलेले पण ते न निघणारे राउटर बाजारात भरपूर आहेत. माझ्या सेटमध्ये राउटर, एलपीडीए अँटेनाची जोडी आणि केबल एवढंच. सगळं मिळून दहा हजारांच्या आत बसलं, पाईप आणि वायरमनची मजुरी धरून.

एलपीडीए म्हणजे काय, तर माशाच्या काट्यासारखा, एका टोकाला निमुळता होत गेलेला अँटेना, बहुतेक वेळा पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खोळीत असतो. त्याचा चुलतभाऊ म्हणजे यागी, जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या उदा आणि यागी यांनी १९२६ च्या सुमारास पुढे आणलेला. बरंचसं काम उदांचं, नाव मात्र यागींचं राहिलं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनसाठी आपल्या घरांवर जे आडव्या कांड्यांचे सांगाडे असत, तीच ही जात. यागी एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला जास्त जोर देतो, एलपीडीए थोडा कमी जोर देतो पण ७०० पासून २७०० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं चालवून घेतो. आपल्याकडे हेच बरं. जिओची फोरजी ८५०, १८०० आणि २३०० वर, एअरटेलची ९०० पासून २३०० पर्यंत पसरलेली, बीएसएनएलची ७०० आणि २१०० वर. उद्या सिम बदललं तर अँटेना बदलायला नको.

खोक्यावर ‘२८ डीबीआय’ छापलेलं असतं, डीबीआय म्हणजे अँटेना किती जोर देतो त्याचं माप. हसून सोडून द्या. हातभर लांबीच्या एलपीडीएला खरे आठ ते दहा डीबीआय मिळाले तरी माल चांगला म्हणायचा. आणि त्यातलेही सगळे राउटरपर्यंत पोचत नाहीत, कारण मधे केबल आहे. सोबत येणारी बारीक काळी केबल बहुधा आरजी-५८ जातीची असते. ९०० मेगाहर्ट्झला तिच्या १० मीटरमध्ये साधारण ५ डीबी जिरतात, २३०० ला तर त्याहून खूपच जास्त. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, हे लक्षात घेतलं की कळतं, छपरावर कमावलेलं माजघरात येईपर्यंत उडून जातं. जाडजूड एलएमआर-४०० केबलीत तेवढ्याच लांबीला दीडएक डीबी जातो, पण ती महाग आणि वळता वळत नाही. मी तिसरा रस्ता धरला. राउटरच माळ्यावर, कौलांच्या खाली नेऊन ठेवला, अँटेनाची केबल दोन-अडीच मीटरची केली आणि तिथून खाली साधी लॅनची केबल सोडली. लॅन केबल १०० मीटरपर्यंत काही न गमावता जाते. खाली ओटीवर एक जुना वायफाय राउटर लावला. कोणी एकच सल्ला मागितला तर मी हाच देईन. फक्त माळा उन्हाळ्यात तापतो, तेव्हा राउटर पत्र्याला चिकटवू नका, हवा खेळेल असा टांगा.

आता आकडे. काड्या बघून काही कळत नाही, प्रत्येक फोनवाला त्या आपापल्या मर्जीने दाखवतो. राउटरच्या पानावर किंवा नेटमॉन्स्टरसारख्या ॲपवर आरएसआरपी आणि एसआयएनआर हे दोन आकडे दिसतात ते बघायचे. पहिला म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा, दुसरा म्हणजे गोंगाटातून तो किती स्पष्ट. आरएसआरपी उण्यात असतो. उणे ८०-९० म्हणजे मजा, उणे ११० च्या खाली रखडपट्टी, उणे १२० ला रामराम. आमच्या ओटीवर उणे ११८ होता. नुसता राउटर माळ्यावर नेल्यावर उणे ११० झाला, म्हणजे अँटेना न लावताच आठ डीबीची कमाई. छपरावर पाईप उभा करून अँटेना लावल्यावर उणे ९८. एसआयएनआर शून्या-एकावरून तेरा-चौदावर गेला.

अँटेना फिरवायचा दिवस मात्र लक्षात राहण्यासारखा. वायरमन वर पाईपला धरून, मी शिडीवर, आणि आई खाली ओटीवर माझा फोन घेऊन राउटरचं पान उघडून बसलेली. ती ओरडून आकडे सांगणार. राउटर आकडा बदलायला वेळ घेतो, त्यामुळे थोडं फिरवायचं आणि अर्धा मिनिट गप्प थांबायचं. वायरमनला ते थांबणं पटेना. “अरे बाबा, जरा दम धर, अजून एकशे दोनच दाखवतंय,” असं आईने त्याला चारदा सुनावलं. शेवटी एक गंमत झाली. सरळ टॉवरच्या रोखाने धरल्यावर आवाज सगळ्यात मोठा, पण एसआयएनआर आठच्या पुढे जाईना. डावीकडे, टेकाडाच्या खिंडीकडे थोडा वळवला तर आरएसआरपी दोन डीबीने उतरला आणि एसआयएनआर तेरावर चढला. कारण उजवीकडे लांबवर त्याच कंपनीचा दुसरा टॉवर आहे, त्याचा आवाज त्याच फ्रिक्वेन्सीवर घुसत होता. अँटेना वळवल्यावर तो कानाआड झाला. म्हणून मोठ्या आवाजापेक्षा स्पष्ट आवाजाच्या दिशेला घट्ट करा. टॉवर नक्की कुठे आहे हे दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर नकाशात दिसतं, पण ते सुरुवातीपुरतं.

दोन अँटेना एकमेकांना समांतर उभे लावायची चूक बरेच वायरमन करतात, कारण क्लॅम्प तसाच येतो. टॉवरवरचे अँटेना तिरक्या जोडीचे असतात, एक ४५ अंश इकडे, एक ४५ अंश तिकडे. आपलेही तसेच, समोरून बघितल्यावर फुलीसारखे दिसतील असे तिरके लावायचे. डाऊनलोडमध्ये फरक लगेच दिसला.

वेग म्हणाल तर दिवसा डाऊनलोड १५ ते २० एमबीपीएस, आधी एक-दीड मिळायचा. पण खरी क्रांती अपलोडमध्ये. आधी व्हॉट्सॲपवर फोटो गोल गोल फिरत राहायचा, आता अपलोडला ५ एमबीपीएस मिळतात. याचं कारण सरळ आहे. टॉवर दणकून बोलतो, फोन किंवा राउटर जेमतेम २०० मिलिवॅटवर कुजबुजतो. टॉवरचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला येत नाही. अँटेना दोन्ही बाजूंनी काम करतो, त्यामुळे कुजबुजणाऱ्याचा फायदा जास्त. व्हिडिओ मीटिंगमध्ये माझा चेहरा आता गोठत नाही. संध्याकाळी आठ ते दहा मात्र डाऊनलोड चार-पाचावर येतो. गणपतीत मुंबईकर आले की त्याहून खाली. टॉवरवरच गर्दी झाली तर त्याला अँटेना काय करणार.

फोनवर बोलण्यासाठी वायफाय कॉलिंग चालू करावं लागतं. २०१९ च्या अखेरपासून ते आपल्याकडे आलंय आणि राउटरमधलं सिम एका कंपनीचं, फोनमधलं दुसऱ्या कंपनीचं असलं तरी आमच्याकडे बिनबोभाट चालतं. बँकेचे ओटीपीही येतात. आईचा जुना साधा फोन मात्र अजून ओटीच्या कोपऱ्यातच वाजतो.

पावसाबद्दल बरेच गैरसमज आहेत. या फ्रिक्वेन्सीला पावसाच्या धारांनी जवळपास काही होत नाही. ओली, गच्च पालवी मात्र आडवी येते. जुलैत आरएसआरपी तीन-चार डीबीने खाली गेला आणि दिवाळीनंतर परत वर आला. नेट पूर्ण जातं ते दोन कारणांनी, आणि आकडे बघून ती वेगळी ओळखता येतात. आरएसआरपी नेहमीचाच, पण एक पान उघडत नाही, याचा अर्थ टॉवरचा पुढचा दुवा तुटला. आडगावच्या बऱ्याच टॉवरांना फायबर नसते, ते गोल डिशने मायक्रोवेव्हवर पुढच्या टॉवरशी जोडलेले असतात आणि त्या उंच फ्रिक्वेन्सीला मुसळधार पाऊस झेपत नाही. दुसरा प्रकार, आकडाच गायब. मग समजायचं की सड्यावरची लाईट जाऊन बराच वेळ झालाय आणि टॉवरची बॅटरी बसली. दोन्हीत छपरावर चढून उपयोग नाही. घरची लाईट गेल्यावर मात्र १२ व्होल्टचा छोटा यूपीएस राउटरला तीन-चार तास ओढतो, तो घ्याच.

पाणी केबलीच्या सांध्यातून आत शिरतं. सांध्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळा आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी तिथूनच ठिबकून जातं. पाईपला अर्थिंग हवंच. विजा चमकायला लागल्या की मी दोन्ही केबली राउटरमधून काढून ठेवतो. ऑक्टोबरात हे रोज संध्याकाळचं काम होतं. आणि वानरं! त्यांनी एकदा अँटेनाला लटकून तोंड पार मार्लेश्वरकडे फिरवलं. आता क्लॅम्प आणि पाईप दोन्हींतून आरपार बोल्ट मारलाय.

कोणी ‘त्यापेक्षा बूस्टर बसव’ म्हणाला तर ऐकू नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय रिपीटर किंवा बूस्टर लावणं बेकायदा आहे, आणि ते नुसतं कागदावर नाही. स्वस्त बूस्टर टॉवरच्या दिशेने एवढा कचरा ओकतो की आजूबाजूच्या सगळ्यांची रेंज बिघडते.

आमच्या खालच्या अंगाला, पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाला काकांचं घर आहे. माझं बघून त्यांनाही अँटेना हवा होता. त्यांच्या छपरावर फोन नेला तर आकडाच येईना, तिन्ही बाजूंनी डोंगर. म्हणून त्यांना घेऊ दिला नाही. त्याऐवजी आमच्या पाईपवर आणि त्यांच्या माळ्यावर समोरासमोर दिसतील अशा ५ गिगाहर्ट्झच्या वायफाय डिशा लावल्या, मधे जेमतेम तीनशे मीटर. सिम एकच, रोजच्या डेटाचा खर्च निम्मा निम्मा. क्रिकेटची मॅच असली की दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, त्यावर अजून तोडगा निघालेला नाही.