चौकातील कॅमेरे: दिवा पाळला जातो, नंबर मात्र चुकतो

सांगली-मिरज रस्त्यावरील आमच्या नेहमीच्या चौकात कॅमेरे बसल्यापासून, पिवळा दिवा दिसताच गाडी पिळणारे दुचाकीस्वार आता झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे थांबतात, निदान मागचे चाक तरी. अशा कॅमेऱ्यांमुळे आडव्या धडका कमी होतात, मात्र अचानक ब्रेक दाबल्याने मागून आदळण्याचे प्रकार वाढू शकतात, असे परदेशांतील अभ्यासांत आढळले आहे. म्हणून पिवळ्या दिव्याचा अवधी पुरेसा हवा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३६अ या देखरेखीचा आधार आहे. तक्रार एकच: मला आलेल्या ई-चलनाच्या छायाचित्रातील मोपेड माझी नव्हतीच. चिखल उडालेल्या पाटीवरील ३ यंत्राने ८ वाचला होता आणि ते पटवून देण्यात तीन आठवडे गेले.