रात्रीची गस्त की कुटुंबाला आधार?

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे कारखान्यांकडे निघतात आणि गावात कुलूपबंद घरे व म्हातारी माणसे उरतात. म्हणून ग्रामसभेत एक बाजू ग्रामसुरक्षा दल आणि सीसीटीव्ही मागते, तर दुसरी अडचणीतल्या कुटुंबांना आधार.

गस्तीचा उपयोग खरा आहे, कारण विहिरीवरची मोटार किंवा केबल चोरीला गेली की रब्बीचे पाणीच तुटते. बांधाची भांडणे गावातच मिटवण्याची वाट 2007 मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने दाखवली. परंतु दारू आणि कर्जापायी घरात होणारी मारहाण गस्तवाल्यांच्या बॅटरीला दिसत नाही.

आधाराचे काम संथ, किचकट असते. संजय गांधी निराधार योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला, पतीच्या मृत्यूचा दाखला, आधार कार्ड आणि बँक पासबुक घेऊन तहसीलच्या खेपा घालणाऱ्या विधवेची प्रत्येक वेळी रोजंदारी बुडते. ग्रामपंचायतीने कागदपत्रे जुळवून दिली, तरी तिचा मोठा भार हलका होतो. मजुरांच्या मुलांना हंगामात गावातच ठेवणारे हंगामी वसतिगृह उशिरा सुरू झाले, तर लेकरे आईबापांबरोबर फडावर जातात आणि त्यांची शाळा बुडते.

माझे मत आधाराच्या बाजूने आहे. गस्तीसाठी तरुणांच्या पाळ्या लावून भागते. वसतिगृहाची मागणी मात्र मजुरांच्या टोळ्या निघण्यापूर्वीच ग्रामसभेच्या ठरावात यायला हवी.