फिंगोलिमोडवाल्यांसाठी ओसीटी: तपासणी उत्तम, पण स्कॅन कुठला ते विचारा

एमएससाठी (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) फिंगोलिमोड हे औषध सुरू करताना (०.५ मिलिग्रॅम, रोज १ कॅप्सूल) सगळ्यांचं लक्ष पहिल्या डोसनंतरच्या ६ तासांत नाडीवर असतं. डोळा मागे राहतो. साधारण २०० जणांत एकाला या औषधाने मॅक्युलात, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावर, सूज येते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातले पेशींचे सांधे सैल पडतात आणि पाणी झिरपतं. मधुमेह असेल किंवा पूर्वी युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतला दाह) झाला असेल तर धोका बराच जास्त.

ही सूज पकडण्यात ओसीटीचा, म्हणजे प्रकाशकिरणांनी पडद्याच्या थरांचं चित्र काढणाऱ्या स्कॅनचा, हात धरणारं दुसरं काही नाही. हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे बघायचं, काही सेकंदांत एका डोळ्याचा स्कॅन संपला. ना सुई, ना दुखणं. मात्र चिठ्ठीवर नुसतं 'ओसीटी' असेल आणि आजार एमएस, तर फक्त डोळ्याच्या नसेचा स्कॅन निघू शकतो. त्यात नस पातळ झालीय का ते कळतं, मॅक्युलाची सूज नाही. 'मॅक्युला ओसीटी, दोन्ही डोळे' असं लिहूनच घ्या. पहिला स्कॅन औषधाआधी, दुसरा ३ ते ४ महिन्यांनी, आणि शक्यतो त्याच मशीनवर. प्रत्येक कंपनीचं मशीन पडद्याची जाडी वेगळ्या थरापर्यंत मोजतं, त्यामुळे मायक्रॉनचे आकडे जुळत नाहीत आणि उगाच घाबरगुंडी उडते. आकड्यापेक्षा छेदाचं चित्र बघा: सुजेत थरांमध्ये काळे, गोलसर फुगे दिसतात.

त्रास एकच. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले तर ४ ते ६ तास जवळचं धूसर, ऊन झोंबतं. दादरला फलाट आणि गाडीमधली फट नीट दिसत नसताना लोकल पकडू नका. गॉगल आणि सोबत माणूस हवा.

दोन तपासण्यांच्या मध्ये घरच्या घरी एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघा. गज वाकडे दिसले, पण दुखत नाही, तर सुजेचा संशय घ्या. डोळा फिरवताना दुखलं आणि लाल रंग फिका वाटला, तर ऑप्टिक न्यूरायटिसचा, म्हणजे डोळ्याच्या नसेच्या दाहाचा. दोन्हींत त्याच दिवशी फोन करा, कारण उपचार वेगळे आहेत. कॅप्सूल मात्र मनाने बंद करू नका. औषध थांबवल्यावर सूज बहुतेकदा ओसरते हे खरं, पण एमएस जोरात उसळू शकतो. तो निर्णय न्यूरोलॉजिस्ट आणि रेटिनावाले (डोळ्याच्या पडद्याचे) डॉक्टर मिळून घेतात. त्यांच्याकडे जाताना झेरॉक्स नको, दोन्ही स्कॅनच्या मूळ प्रिंट न्या. झेरॉक्समध्ये बारीक फुगे पुसले जातात.