पॉवर्ड पॅराशूटवर आर्डूप्लेन: उंची सांभाळतो, उतरवणं आपल्याच हातात

पॉवर्ड पॅराशूट म्हणजे कापडी छत्रीखाली लटकणारं, मागे पंखा असलेलं यान. ते आपोआप उडवायला आर्डूपायलट या ऑटोपायलटचं प्लेन फर्मवेअर (आर्डूप्लेन) फुकट आणि ओपन सोर्स. एच-७ प्रोसेसरचा पिक्सहॉक जातीचा बोर्ड, जीपीएस-कंपास आणि एअरस्पीड (हवेतला वेग मोजणारा) सेन्सर घेतला की सामान पुरं. पण हे फर्मवेअर विमानासाठी लिहिलंय. विमानात नाक वरखाली करून वेग बदलता येतो. पॅराशूटचा वेग कॅनोपी (कापडी छत्री) आणि वजन ठरवतात. थ्रॉटल (मोटरचा जोर) वाढवला की यान वर जातं, जोरात नाही. बहुतेक डोकेदुखी इथूनच सुरू होते.

उंची आणि वेग सांभाळणाऱ्या टेक्स कंट्रोलरमध्ये आधी स्पीडवेट 2 करा (पिच, म्हणजे नाक वरखाली करणं, फक्त वेगासाठी), म्हणजे उंचीची जबाबदारी थ्रॉटलवर येते. एअरस्पीड सेन्सर नसेल तर मात्र हा आकडा कितीही ठेवा, उपयोग नाही. क्रूझ स्पीड अंदाजाने भरू नका, मोजून भरा. क्रूझ 12 मीटर प्रतिसेकंद लिहिला आणि कॅनोपी 9 नेच उडत असेल, तर टेक्स वेगाची तूट उंचीने भरून काढतो आणि यान सांगितलेल्या उंचीच्या साधारण 3 मीटर वरच तरंगत राहतं. सेन्सर खराब आहे म्हणून तो बदलत बसण्याआधी हा आकडा तपासा. स्केलिंग स्पीडही (ज्या वेगाच्या हिशोबाने सर्व्होची हालचाल कमीजास्त होते तो) क्रूझएवढाच हवा. तो 15 वर राहिला तर 9 च्या वेगाला सर्व्होचा (ब्रेक ओढणाऱ्या छोट्या मोटरचा) गेन, म्हणजे प्रतिसादाचा जोर, दीडपटीच्या वर जातो.

दुसरा त्रास झोक्याचा, कारण यान कॅनोपीखाली लंबकासारखं लटकतं. 5 मीटर लांब लंबकाचा आवर्तकाल सुमारे 4.5 सेकंद, आणि टेक्सचा टाइम कॉन्स्टंट (चूक किती वेळात भरून काढायची तो आकडा) मुळातच 5. दोन्ही जवळजवळ आल्यामुळे थ्रॉटल झोक्याच्या तालावर वरखाली होतो आणि झोका थांबायच्या ऐवजी वाढतो. टाइम कॉन्स्टंट 8 ते 10 आणि थ्रॉटलचा स्ल्यू रेट (बदलाचा कमाल वेग) सेकंदाला 20 टक्क्यांच्या आसपास ठेवला की हे वरखाली होणं बंद होतं. उंची गाठायला वेळ लागतो, तो लागू द्या.

वळणासाठी दोन्ही ब्रेक (कॅनोपीची मागची कड ओढणाऱ्या दोऱ्या) सर्व्होंना एलेरॉनचं (विमान बाजूला झुकवणाऱ्या पट्टीचं) फंक्शन द्या, एक रिव्हर्स करा. एलेव्हॉन मिक्स (पिच आणि रोल एकाच सर्व्होवर) वापरू नका: टेक्सची पिचची मागणी त्यातून थेट दोन्ही ब्रेक ओढते. प्रत्येक सर्व्होचा ट्रिम (आरामाची जागा) आणि मिनिमम एकच ठेवा (दोन्ही 1100, मॅक्सिमम 1900), म्हणजे एक बाजू ओढताना दुसरी सैल सुटत नाही. सैल ब्रेक लाइन मागच्या पंख्यात गेली तर पुढचं सांगायला नको. जाळी असली तरी लाइन ढिली राहू देऊ नका. ऑटो ट्रिम बंदच ठेवा. ब्रेक ओढल्यावर कॅनोपी आधी वळते, मग झुकते, त्यामुळे रोल (बाजूचा झुकाव) उशिरा येतो. म्हणून रोलच्या नियंत्रणात पी (चुकीच्या प्रमाणात प्रतिसाद) कमी, डी (बदलाच्या वेगाला प्रतिसाद) शून्य, रोल लिमिट 20 अंश, एल-1 पीरियड (मार्गावर किती सावकाश वळायचं तो आकडा) 25 च्या वर. ऑटोट्यून (हे आकडे आपोआप शोधणारी सोय) चालवू नका, त्याला झटपट प्रतिसाद लागतो.

मोटरच्या टॉर्कमुळे थ्रॉटलप्रमाणे एका बाजूला ओढ बसते. इंटिग्रेटर (साठत गेलेल्या चुकीवर काम करणारा भाग) ती हळूहळू भरून काढतो, पण थ्रॉटल बदलताच पुन्हा मार्ग सुटतो. बोर्डवरच चालणारी छोटी लुआ स्क्रिप्ट (प्रोग्रॅम) इथे बरी पडते. फ्लेअरही (उतरताना दोन्ही ब्रेक ओढून वेग मारणं) स्क्रिप्टनेच करावा लागेल.

वाऱ्यापुढे इलाज नाही. वारा यानाच्या वेगाइतका झाला की जमिनीवरचा वेग शून्यावर येतो आणि जीपीएसची दिशा भरकटते, म्हणून कंपास हवाच आणि तो मोटरच्या तारांपासून लांब. किमान ग्राउंडस्पीडचा पॅरामीटर इथे निरुपयोगी, कारण तो जास्त एअरस्पीड मागतो आणि तो मिळणारच नसतो. आरटीएलवर (आपोआप घरी परत येण्याच्या मोडवर) विसंबून वाऱ्याच्या दिशेने लांब जाऊ नका, घराकडे परत येता येत नाही. आधी वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे परत येताना वारा साथीला असतो.

ऑटो टेकऑफ वापरण्यात अर्थ नाही. कॅनोपी फुगून डोक्यावर आलीय की नाही, हे फर्मवेअरला कळायला मार्गच नाही. हाताने चढवा, उंचीवर गेल्यावर ऑटो द्या, उतरताना परत हातात घ्या. सिग्नल गेल्यास लाँग फेलसेफमध्ये (सिग्नल बराच वेळ नसताना काय करायचं त्या सेटिंगमध्ये) ग्लाइड ठेवा: मोटर बंद होते आणि यान कॅनोपीच्या भरवशावर खाली येतं. या बाबतीत पॅराशूट विमानापेक्षा उजवं.

सर्वेक्षणासाठी संथ घिरट्या घालायच्या असतील तर आर्डूप्लेनला 5 पैकी 4 गुण. टेकऑफपासून लँडिंगपर्यंत सगळं आपोआप हवं असेल तर 2.